प्रोजेक्ट झाला, पण वाचलं कुणी?

सातवीतल्या माझ्या भाचीचा ज्वालामुखीवरचा प्रोजेक्ट परवा अकरा मिनिटांत तयार झाला. सहा पानं, रंगीत चित्रं, मुखपृष्ठावर ठसठशीत अक्षरांत नाव. मी सहज विचारलं, "इथे मॅग्मा म्हटलंय आणि खाली लाव्हा. दोन्ही एकच का गं?" ती शांतपणे म्हणाली, "मामा, तिथे तसंच लिहिलं होतं."

"तिथे" म्हणजे कुठे, हे तिला सांगता येईना. तीन ठिकाणांहून उचललेला मजकूर एकाखाली एक बसला होता आणि त्यातलं एकही वाक्य तिने पूर्ण वाचलेलं नव्हतं.

तिला काय बोलणार? मोठी माणसंही असंच करतात, फक्त त्याला अहवाल म्हणतात. पण शाळांमध्ये फोन असावा की नसावा, एआयने गृहपाठ केला तर तो कुणाचा, मुलांना खोट्या बातम्या ओळखायला कसं शिकवायचं, असे वाद सध्या देशोदेशी चालू आहेत. त्या सगळ्यांच्या मुळाशी हाच प्रसंग आहे. मुलांना वाचायला आणि शोधायला शिकवणारी शेकडो ऑनलाइन साधनं आज फुकट मिळतात. त्यातलं काय घ्यावं आणि का, ते नीट उलगडून बघू. मी एकच कसोटी लावणार आहे: हे साधन वापरताना काम कोण करतंय, मूल की यंत्र?

वाचता येणं म्हणजे नेमकं काय?

नेपाळी भाषेचं एखादं पान समोर धरा. लिपी देवनागरीच आहे, त्यामुळे तुम्ही ते घडाघडा मोठ्याने वाचाल. अर्थ मात्र अधूनमधून एखाद्या ओळखीच्या शब्दापुरताच लागेल. आता उलटं बघा. अक्षरओळख नसलेली एखादी आजी बातम्या ऐकते, त्यावर तावातावाने मत मांडते, बोलणाऱ्याची मेख बरोबर पकडते. तिला भाषा पूर्ण कळते, फक्त कागदावरची कळत नाही.

वाचनात या दोन्ही गोष्टी लागतात. अक्षरांवरून शब्द ओळखणं ही पहिली. तिला लिपी उलगडणं म्हणू. त्या शब्दांचा अर्थ लावणं ही दुसरी, म्हणजे आकलन. गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी १९८६ साली हे एका साध्या समीकरणात मांडलं आणि त्यातली गंमत अशी, की त्यांनी बेरीज न करता गुणाकार केला. बेरजेत एक बाजू शून्य असली तरी दुसरी काहीतरी देऊन जाते. गुणाकारात एक शून्य म्हणजे सगळंच शून्य.

आकलन म्हणजे फक्त शब्दांचे अर्थ पाठ असणं नव्हे. अमेरिकेत १९८८ साली रेख्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉलची माहिती असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आधीची माहिती ही वाचनाला विरजणासारखी असते. ती नसेल तर नवं काही विरजत नाही.

हे लक्षात ठेवलं की "वाचन सुधारणारं ॲप" या जाहिरातीला लगेच एक प्रश्न विचारता येतो: कोणती बाजू सुधारणार आहात? बहुतेक ॲप फक्त पहिलीवर काम करतात, कारण ती मोजायला सोपी. अक्षर ओळखलं, टाळ्या वाजल्या, तारा मिळाला. आकलनाला तारे देणं फार अवघड असतं.

पहिल्या बाजूचंही एक दुखणं आहे. पुष्कळशी ॲप मुळात रोमन लिपीसाठी बनतात आणि मग त्यांचं "भाषांतर" होतं. तिथे २६ अक्षरं, एकेक ध्वनी जोडत जायचं. देवनागरीची घडणच वेगळी. इथे व्यंजनाला मात्रा लागतात, जोडाक्षरं होतात आणि मुलाला ओळखाव्या लागणाऱ्या आकृत्या काही शेकड्यांत जातात. त्यात पहिली वेलांटी बघा: ती अक्षराच्या आधी लिहितात आणि उच्चारतात नंतर. "कि" लिहिताना डोळ्याला आधी वेलांटी दिसते, तोंडात आधी क येतो. "र्क" आणि "क्र" यांतला रफार आणि रकार हा आणखी एक घाट. ज्या ॲपमध्ये या गोष्टींचा सावकाश, पुन्हा पुन्हा सराव नाही आणि "अ अननसाचा" नंतर थेट गोष्ट सुरू होते, ते देवनागरी शिकवत नसून फक्त दाखवतं. आणि काही ॲपमध्ये तर जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात! अशा ॲपवर मूल काय शिकणार?

मग चांगलं साधन ओळखायचं कसं?

वाचायला शिकण्यासाठी सगळ्यात जास्त लागतं ते वाचायला पुष्कळ काहीतरी. ऐकायला बाळबोध वाटेल, पण ऑनलाइन साधनांचा खरा मोठा उपकार इथेच आहे. प्रथम बुक्स या भारतातल्या ना-नफा प्रकाशनसंस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या साईटवर शेकडो भाषांमधली चित्रगोष्टींची पुस्तकं आहेत, वाचनाच्या पातळीनुसार लावलेली. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात २००२ साली सुरू झालेलं इंटरनॅशनल चिल्ड्रन्स डिजिटल लायब्ररी, किंवा १९७१ पासून चालत आलेलं प्रोजेक्ट गटेनबर्ग, हे त्याच जातीचे उपक्रम. गटेनबर्गमध्ये स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तकं असतात, त्यामुळे ते मोठ्या मुलांसाठी. अशीच पुस्तकं स्वयंसेवकांनी वाचून ध्वनिमुद्रित केलेली लिब्रिव्हॉक्सवर ऐकता येतात.

इथे एक शब्द समजून घेऊ: मुक्त परवाना. लेखकाने आधीच जाहीर केलेलं असतं की माझी ही गोष्ट कुणीही छापा, भाषांतर करा, बदला, फक्त माझं नाव ठेवा. काही परवान्यांत आणखी अटी असतात, जसं की विकायचं नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सने असे तयार परवाने २००२ साली आणले. शिक्षकासाठी याचा अर्थ फार मोठा आहे. गोष्ट अवघड वाटली तर तो वाक्यं लहान करू शकतो, वर्गातल्या बोलीत आणू शकतो, छापून भिंतीवर लावू शकतो. मुलांकडूनच भाषांतर करून घेऊ शकतो, आणि माझ्या मते या सगळ्यात हाच उपयोग सर्वांत मोलाचा. भाषांतर करायचं तर प्रत्येक शब्दाशी थांबावं लागतं. न वाचता भाषांतर करता येत नाही. (यंत्राकडून करून घेतलं तर येतं, पण त्याकडे पुढे वळू.)

आता हलणाऱ्या-बोलणाऱ्या पुस्तकांबद्दल. बोट लावलं की बेडूक उडी मारतो, शब्द लुकलुकतो, आवाज गोष्ट वाचून दाखवतो. याने मदत होते की लक्ष उडतं? २०२१ साली ३९ अभ्यास एकत्र करून, १ ते ८ वर्षं वयाच्या १,८१२ मुलांची आकडेवारी तपासली गेली. नुसतंच कागदी पुस्तक पडद्यावर आणून त्याला आवाज जोडला, तर कागदच सरस ठरला. पण पडद्यावरच्या करामती गोष्टीच्या आशयाला धरून असतील, म्हणजे पात्र असं का वागलं याकडे लक्ष वेधणाऱ्या असतील, तर पडदा पुढे गेला. शब्दाचा अर्थ दाखवणाऱ्या सोयीमुळे शब्दसंग्रह वाढला, पण गोष्ट कळायला त्याची मदत झाली नाही. म्हणून ॲप निवडताना बेडकाच्या उडीवर भाळू नये. ती उडी गोष्टीत आहे का, एवढं बघावं.

शोधायचं तर शब्द हवा

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत शोधताना मुलांची सर्रास होते. माहिती समोरच असते, पण तिच्यापर्यंत नेणारा शब्द त्यांच्याकडे नसतो.

सर्च इंजिन काय करतं? जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कुठला शब्द कोणत्या पानावर आहे याची, तसलीच एक अवाढव्य सूची ते आधीच करून ठेवतं. आपण शब्द टाकला की ते इंटरनेट शोधत नाही, ही सूची चाळतं. मग सापडलेल्या पानांना क्रम लावतं: शब्द किती जुळतात, त्या पानाकडे इतर किती आणि कोणती पानं बोट दाखवतात, तुम्ही कुठे आहात, आणि असं बरंच काही. त्या क्रमात "हे खरं आहे का" याचा शिक्का कुठेच नसतो. वरची एकदोन ठिकाणं तर पैसे देऊन घेतलेली जाहिरातही असू शकते. पहिलं ते खरं, हे मुलांनीच काय, आपणही मनाशी धरून बसलेलो असतो.

"झाडं रात्री काय करतात" असं टाकणाऱ्या मुलाला जे मिळतं आणि "वनस्पती श्वसन" टाकणाऱ्याला जे मिळतं, त्यात फार फरक असतो. दुसऱ्याला तो शब्द माहीत होता, म्हणजे त्याने आधी कुठेतरी काहीतरी वाचलं होतं. म्हणून मला वाचन आणि शोधकौशल्य हे दोन वेगळे तास वाटत नाहीत. वाचन तोकडं असेल तर शोध तोकडाच राहतो आणि त्यातून मिळतं तेही तोकडंच.

वर्गात करण्यासारखा एक छोटा खेळ आहे. मुलांना प्रश्न द्यायचा आणि शोधायला बसण्याआधी कागदावर पाच शब्द लिहायला लावायचे. मग शोधायचं. जे पहिलं पान मिळेल त्यातून आणखी तीन नवे शब्द उचलायचे आणि पुन्हा शोधायचं. दुसऱ्या फेरीत निकाल कसे पालटतात ते मुलं स्वतः बघतात. अवतरणचिन्हात टाकलं की तोच शब्दसमूह जसाच्या तसा शोधला जातो, एवढी युक्ती सोबत दिली तरी पुष्कळ. बाकीच्या खुब्या सवडीने.

आणखी एक गोष्ट शिक्षकांना माहीत असते, पण ॲप बनवणाऱ्यांना बहुधा नसते. कॅरल कुल्थाऊ या संशोधिकेने वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शोध घेताना बघितलं आणि त्याचे सहा टप्पे मांडले. त्यात तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे विषय निवडून झाल्यावर आणि माहिती चाळायला लागल्यावर, मुलांचा गोंधळ वाढतो. विषय कळण्याऐवजी जास्तच अंधूक होतो, आत्मविश्वास घसरतो. आपल्याला वाटतं मूल अडलं. खरं तर तिथेच ते विचार करायला लागलेलं असतं. झटपट उत्तर देणारं साधन नेमका हाच टप्पा गिळून टाकतं. भाचीच्या त्या अकरा मिनिटांत गोंधळाला जागाच नव्हती.

झाडावरचा ऑक्टोपस

१९९८ पासून इंटरनेटवर एक साईट आहे. पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या अमेरिकी जंगलात झाडांवर राहणाऱ्या ऑक्टोपसची. त्याला वाचवा, असं आवाहन आहे, चित्रं आहेत, शास्त्रीय नाव आहे, सगळं अगदी गंभीर सुरात. असा प्राणीच नाही. कुणीतरी केलेली थट्टा. अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी ही साईट सातवीच्या, इंटरनेटवर चांगलं वाचणाऱ्या मुलांना दाखवली आणि जवळपास सगळी फसली. ही बनवाबनवी आहे असं सांगितल्यावरही काही मुलं ऐकेनात, की नाही, ऑक्टोपस आहेच!

यावर बरीच वर्षं शाळा-ग्रंथालयांत एकच औषध दिलं जायचं: तपासयादी. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथपालांनी २००४ साली केलेली अशी यादी खूप गाजली. माहिती ताजी आहे का, विषयाला धरून आहे का, लेखक कोण, मजकूर अचूक आहे का, हेतू काय. प्रश्न सगळे रास्त आहेत. अडचण अशी, की मुलं ते त्याच पानावर बसून सोडवतात. ऑक्टोपसच्या साईटवर लेखकाची माहिती आहे? आहे. दुवे आहेत? आहेत. दिसायला नीटनेटकी? हो. पत्त्याच्या शेवटी "ऑर्ग" असेल तर संस्था भरवशाची, असंही कुणीतरी शिकवलेलं असतं; प्रत्यक्षात तो पत्ता कुणीही विकत घेऊ शकतं. आरोपीलाच विचारायचं की तू चोरी केलीस का, आणि तो नाही म्हणाला की सोडून द्यायचं, असला हा तपास.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली ४५ जणांना अनोळखी साईट तपासायला दिल्या. त्यात इतिहासाचे १० अभ्यासक, विद्यापीठाचे २५ विद्यार्थी आणि वृत्तसंस्थांमधले १० व्यावसायिक तथ्यतपासनीस होते. अभ्यासक आणि विद्यार्थी पान वरून खाली बारकाईने वाचत बसले आणि त्यांतले अनेक जण फसले. तपासनीस पानावर थांबलेच नाहीत. त्यांनी चटकन नव्या टॅब उघडल्या आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते आधी बघितलं. याला आडवं वाचन म्हणतात: पानात उभं खोल उतरण्याआधी शेजारच्या पानांवर डोकावणं. नवं घर घेताना आपण विकणाऱ्याचं गोड बोलणं ऐकत बसतो की शेजाऱ्यांना विचारतो? तसंच.

मला यातला सगळ्यात न पटणारा आणि तरीही खरा मुद्दा हा वाटतो, की आयुष्यभर आपण मुलांना "लक्ष देऊन वाच" म्हणत आलो आणि इथे पहिली पायरी आहे "अजून वाचू नकोस". लक्ष महाग आहे. ते कुणाला द्यायचं हे आधी ठरवायचं आणि मग मनापासून द्यायचं. माहिती तपासायला शिकवणारे अमेरिकी अभ्यासक माइक कॉलफील्ड यांनी याच धर्तीवर चार पायऱ्या सांगितल्या आहेत: थांबा, हे कोण सांगतंय ते बघा, हीच गोष्ट आणखी चांगल्या ठिकाणी कशी दिलीय ते शोधा, आणि उद्धृत, फोटो किंवा आकडा असेल तर त्याच्या मुळापर्यंत जा. फोटोचं मूळ शोधायला उलटा चित्रशोध उपयोगी पडतो. तिथे शब्दाऐवजी चित्रच टाकायचं, म्हणजे ते आधी कुठे कुठे आलं होतं ते दिसतं. टिनआय ही सेवा २००८ पासून हेच करते. पान बदललं किंवा उडवलं असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याचं जुनं रूप बहुधा सापडतं.

हे शिकवून येतं का? शिकवलं नाही तर काय होतं, हे आधी बघा. स्टॅनफर्डच्याच गटाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या ३,४४६ माध्यमिक विद्यार्थ्यांना तिथल्या मतदानात घोटाळा झाल्याचा दावा करणारा एक व्हिडिओ दाखवला. इंटरनेट वापरायची मुभा होती. व्हिडिओ मुळात रशियातला होता आणि एका साध्या शोधात ते कळलं असतं. निम्म्याहून जास्त मुलांनी तो भक्कम पुरावा मानला. त्याचं मूळ शोधून काढणारी मुलं निघाली फक्त ३. पुढे अमेरिकेतल्याच एका शहराच्या शाळांत ४९९ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. काही वर्गांना ५०-५० मिनिटांचे ६ तास आडवं वाचन शिकवलं, आणि ती मुलं न शिकलेल्यांच्या स्पष्टपणे पुढे गेली. सहा तास म्हणजे वर्षाच्या वेळापत्रकात काहीच नाही. हे पाठ इंटरनेटवर फुकट आहेत. आता ते डिजिटल इन्क्वायरी ग्रुप या नावाने मिळतात. उदाहरणं बरीचशी अमेरिकी आहेत, ती मात्र शिक्षकाने बदलून घ्यावीत.

"पण विकिपीडिया तर चालत नाही ना?"

ही एक जुनी पंतोजी छापाची बंदी. कुणीही लिहू शकतो म्हणून भरवशाचं नाही, हे २००१ साली विकिपीडिया सुरू झाला तेव्हा ठीक होतं. वर सांगितलेले व्यावसायिक तपासनीस अनोळखी संस्थेबद्दल कळण्यासाठी अनेकदा आधी तिथेच जातात. मात्र तिथे जाऊन ते लेख चाळतात आणि थेट तळटीपांकडे वळतात.

मुलांना हेच सांगायचं. विकिपीडियाला दरवाजा समजा. दारातच पथारी टाकायची नसते. वाक्याच्या शेवटचा लहान आकडा दाबा, मूळ ठिकाणी जा. लेखाचा इतिहास उघडा, कोण काय बदलतंय ते दिसेल. चर्चापानावर भांडणं दिसतील, आणि ज्ञान कसं तयार होतं हे त्या भांडणांतून जेवढं कळतं तेवढं पाठ्यपुस्तकातून कळत नाही. धीट शिक्षकाने तर मुलांकडून आपल्या भाषेतल्या एखाद्या तोकड्या लेखात संदर्भासह दोन वाक्यं घालून घ्यावीत. कुणीतरी अनोळखी माणूस ती वाक्यं तासाभरात उडवून "संदर्भ?" असं विचारतो, तेव्हा संदर्भ का द्यायचा हे कायमचं कळतं.

"आता एआय आहे, मग शोधायचं कशाला?"

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि हा प्रश्न घरोघरी पोहोचला. अशी यंत्रणा करते काय? अफाट मजकूर वाचून ती शिकलेली असते की कुठल्या शब्दांनंतर कुठला शब्द येण्याचा संभव जास्त. दुसऱ्याचं वाक्य पूर्ण करण्यात पटाईत असलेला एखादा बोलघेवडा माणूस असतो ना, तसं. तो बऱ्याचदा बरोबर असतो. पण माहीत नसतानाही तो तितक्याच ठामपणे बोलतो, कारण त्याचं कसब वाक्य पूर्ण करण्यात आहे. काही यंत्रणा आता इंटरनेट चाळून दुवेही देतात. तरी तो दुवा उघडून त्यात खरंच तसं लिहिलंय का हे बघायचं काम आपल्याकडेच राहतं.

२०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांना आणि त्यांच्या कंपनीला न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला. त्यांनी दाखल केलेल्या कागदपत्रांत पूर्वीच्या खटल्यांचे दाखले होते. खटल्यांची नावं, न्यायाधीश, उतारे, सगळं. ते खटले कधी झालेच नव्हते. चॅटजीपीटीने रचले होते. शिकलेली, अनुभवी माणसं ही. सातवीतल्या मुलीकडून काय अपेक्षा ठेवणार?

बंदी घालावी असं मला वाटत नाही, कारण ती पाळली जाणार नाही. कसोटी पुन्हा तीच: काम कोण करतंय? "ज्वालामुखीवर सहा पानं लिही" म्हटलं तर काम यंत्राचं. "मी ज्वालामुखीवर हे लिहिलंय, मला पाच अवघड प्रश्न विचार" म्हटलं तर काम मुलाचं. यंत्राने दिलेल्या एका परिच्छेदातली प्रत्येक माहिती तपासून, चुकलेलं खोडून, पुरावा जोडून आणायला सांगणं हा तर उत्तम गृहपाठ आहे. त्यात यंत्र आरोपी आणि मूल तपास अधिकारी. मुलांना ही भूमिका फार आवडते.

"मुलं यात आपल्यापेक्षा तरबेज असतात"

बोटं तरबेज असतात, हे खरं. २०१८ साली आठवीतल्या ४६,००० हून जास्त विद्यार्थ्यांची संगणक आणि माहिती वापरण्याच्या कौशल्याची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. त्यात सर्वांत वरच्या पातळीवर, म्हणजे माहिती स्वतः निवडून तिची विश्वासार्हता जोखण्यापर्यंत, पोहोचले अवघे २ टक्के. त्याच वर्षीच्या पिसा चाचणीत, म्हणजे १५ वर्षांच्या मुलांच्या वाचनाच्या जागतिक परीक्षेत, श्रीमंत देशांच्या गटातही मजकुरातल्या आडून सूचित गोष्टींवरून तथ्य आणि मत वेगळं करू शकणाऱ्या पातळीवर १० टक्क्यांहून कमी मुलं होती. पोहता येणं आणि पाण्यात न घाबरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलं पाण्याला घाबरत नाहीत एवढंच आपल्याला दिसतं.

"पडद्यावर वाचलेलं डोक्यात राहतं का?"

कमी राहतं, असा कल दिसतो. २०१८ साली ५४ अभ्यास आणि १,७०,००० हून अधिक वाचक एकत्र धरून केलेल्या विश्लेषणात कागदावर वाचणाऱ्यांना मजकूर जास्त कळल्याचं आढळलं. फरक मोठा नव्हता, पण माहितीपर मजकुरात आणि वेळेचं बंधन असताना तो स्पष्ट होता. गोष्टी-कथांमध्ये तो दिसला नाही. यावरून शाळेने सोपा व्यवहार करावा: शोधणं पडद्यावर, आणि जे सापडलं त्यातलं महत्त्वाचं पान छापून, पेन्सिल हातात घेऊन वाचणं कागदावर.

"आमच्याकडे नेटच धड नाही"

हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो, आणि यावर उपायही आहेत. किविक्स या मोफत सॉफ्टवेअरने अख्खा विकिपीडिया एकदा उतरवून घेतला की तो नेटशिवाय चालतो. कोलिब्री ही अशीच व्यवस्था: एका साध्या संगणकावर धडे, पुस्तकं, सराव साठवायचे आणि वर्गातल्या बाकीच्या यंत्रांनी ते तिथून उघडायचे. स्टोरीवीव्हरची पुस्तकं उतरवून छापता येतात. आडवं वाचन तर चार छापील पानांवरही शिकवता येतं: एक दावा, त्यावर तीन वेगवेगळ्या ठिकाणचं लिखाण, आणि प्रश्न एवढाच की आधी कुठलं पान उचलाल.

"फुकट आहे, मग बिघडलं काय?"

फुकट दोन प्रकारचं असतं. मुक्त परवान्याचं पुस्तक फुकट, कारण ते देणाऱ्याने दिलंय. पुष्कळशी ॲप फुकट, कारण मोबदला दुसऱ्या रूपात वसूल होतो. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २०२२ साली ४९ देशांत करोनाकाळात शाळांसाठी शिफारस झालेली १६४ साधनं तपासली. त्यातल्या १४६ मध्ये मुलांची खासगी माहिती धोक्यात येईल असे प्रकार सापडले. मूल कुठे आहे, काय उघडतं, कुणाशी जोडलेलं आहे, हे टिपून पुढे जाहिरातवाल्यांना देण्यापर्यंत. आणि ही शिफारस सरकारांनीच केली होती.

ही साधनं खरंच शिकवतात का, याचाही पुरावा विरळ आहे. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात ब्रिटनचा एक आकडा आहे: शैक्षणिक तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपन्यांपैकी फक्त ७ टक्क्यांनी आपल्या साधनाची नीट तुलनात्मक चाचणी घेतली होती. म्हणून शिक्षकाने ॲप वर्गात आणण्याआधी दोनच गोष्टी बघितल्या तरी पुरे. नाव, जन्मतारीख, फोटो न देता ते चालतं का? आणि पंधरा मिनिटं वापरल्यावर मुलाच्या वहीत काही उमटतं का? दुसऱ्या प्रश्नाला बरीच चकचकीत ॲप नापास होतात.

त्या प्रोजेक्टचं पुढे काय झालं?

भाचीला मी ओरडलो नाही. एकच काम दिलं: सहा पानांतलं प्रत्येक वाक्य वाचायचं, जे स्वतःच्या शब्दांत सांगता येईल ते ठेवायचं, बाकी खोडायचं. पहिल्या अर्ध्या तासात चार पानं गेली. मग मॅग्मा आणि लाव्हावर गाडी अडली. तिने शोधलं, पहिलं पान उघडलं, काही कळेना. दुसरं उघडलं, चिडली. विकिपीडियावर गेली, तिथून एका विद्यापीठाच्या पानावर. जमिनीखाली असतो तोवर मॅग्मा, वर आला की लाव्हा, हे सापडायला तिला पाऊण तास लागला. मग तिनेच विचारलं, "पण एकच गोष्ट आहे तर नावं दोन कशाला?" त्याचं उत्तर मलाही धड देता आलं नाही. वर येताना त्यातले वायू निसटतात, म्हणजे ती अगदी एकच गोष्ट राहत नाही, हे रात्री तिने मला फोन करून सांगितलं.

प्रोजेक्ट आता दीड पानाचा झाला आहे. बाईंनी किमान पाच पानं सांगितली होती.